एक सर्व्हर, हजार ग्राहक
क्षमतेपेक्षा जास्त विक्री हा वेब होस्टिंगच्या धंद्यातला रिवाज आहे. तो कुठवर रास्त आणि कुठून फसवणूक?

विशेष प्रतिनिधी

नारायणगाव - जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. ११ जुलै २०२५ रोजी शिवनेरीसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने, नाणेघाट, माळशेज घाट आणि मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणारा रस्ता यांच्या आधाराने जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कृषी पर्यटन केंद्रे, घरगुती निवास आणि लहान हॉटेले उभी राहिली आहेत. त्यांतील अनेकांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. खोलीचे आरक्षण, हुरडा पार्टीची नोंदणी, द्राक्षबागेतील सहलीची चौकशी हे सारे आता तिथूनच चालते.

हे संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्याची जागा भाड्याने घ्यावी लागते. या सेवेला वेब होस्टिंग म्हणतात. वर्षाला दोन-तीन हजार रुपयांत, कधी त्याहूनही कमी दरात, 'अमर्याद जागा, अमर्याद डेटा' देऊ करणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. दोन दिवसांच्या खोलीभाड्यात वर्षभराची अमर्याद सोय कशी काय मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. उत्तर सरळ आहे. विकलेली सगळी जागा सर्व्हरमध्ये नसतेच. एकच जागा अनेकांना विकलेली असते, आणि सगळे एकदम ती मागायला येणार नाहीत, या भरवशावर धंदा चालतो.

याला बेकायदा म्हणता येत नाही. दर वेळी ते अप्रामाणिकही नसते. परंतु पावसाळ्यातल्या शनिवारी, नेमके पर्यटक खोली शोधत असताना, पान उघडत नाही तेव्हा नुकसान सेवादात्याचे नव्हे, तर खोली रिकामी राहिलेल्याचे होते. म्हणूनच ही जास्तीची विक्री कुठवर रास्त, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

हिशेब कसा बसतो?

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका सर्व्हरमध्ये दोन हजार जीबी जागा आहे आणि तो चालविण्याचा महिन्याचा खर्च चाळीस हजार रुपये आहे. प्रत्येक ग्राहकाला दहा जीबी द्यायची आणि दिलेला शब्द काटेकोर पाळायचा, तर दोनशे ग्राहक झाले की विक्री थांबली. प्रत्येकाच्या वाट्याला महिना दोनशे रुपये खर्च आला.

प्रत्यक्षात लहान संकेतस्थळाला दहा जीबी लागत नाहीत. चार पाने, वीस-पंचवीस छायाचित्रे आणि एक चौकशीचा अर्ज एवढ्याला एक जीबीसुद्धा पुष्कळ होते. हे ठाऊक असल्याने सेवादाता त्याच सर्व्हरवर हजार ग्राहक घेतो. कागदावर त्याने दहा हजार जीबी विकली. वापरात मात्र हजार जीबीच आली. निम्मी जागा अजून शिल्लकच राहिली आणि प्रत्येकाचा खर्च दोनशेवरून चाळीस रुपयांवर उतरला. स्वस्त होस्टिंगचे रहस्य एवढेच आहे. जास्तीची विक्री उद्या पूर्ण बंद केली, तर या उदाहरणातला ग्राहक पाचपट पैसे मोजेल आणि त्यातले कित्येक जण संकेतस्थळच बंद करतील. तेव्हा 'ही पद्धत मुळातच वाईट' असे म्हणणाऱ्याने या चाळीस आणि दोनशेच्या फरकाचे उत्तर द्यावयास हवे.

सगळे एकदम येत नाहीत

ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांचे गणित मांडले. गावातल्या प्रत्येक दूरध्वनीसाठी स्वतंत्र तार एक्स्चेंजच्या पुढे नेण्याची गरज नसते. माणसे आपापल्या वेळी बोलतात, त्यामुळे थोड्या तारांत मोठ्या गावाचे काम भागते. १९१७ मध्ये त्याने किती तारा ठेवल्या तर किती मागण्या अडतील, हे सांगणारी सूत्रे दिली. दूरध्वनी व्यवस्था पुढे याच पायावर उभी राहिली.

सर्व्हरला हेच गणित लावता येते. प्रत्येक संकेतस्थळ वीसपैकी एखादाच क्षण कामात असते आणि प्रत्येकाची वेळ दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे धरू. एका सर्व्हरवर अशी वीस संकेतस्थळे असतील, तर सरासरीने एका वेळी एकच चालू असते. पण अडचण जवळजवळ कधीच येऊ नये, म्हणजे दहा हजार क्षणांत दोन-तीन क्षणच यावी, असे वाटत असेल, तर पाच संकेतस्थळांना एकदम पुरेल एवढी ताकद ठेवावी लागते. म्हणजे एकूण संख्येच्या पाव हिस्सा. संकेतस्थळे हजार असतील, तर सरासरीने पन्नास चालू असतात आणि तेवढ्याच खात्रीसाठी पंचाहत्तरची ताकद पुरते. एकूण संख्येच्या साडेसात टक्केच.

जमाव जितका मोठा, तितके त्याचे वागणे स्थिर. मोठ्या सेवादात्याला जास्तीची विक्री परवडते ती यामुळे. घरगुती इंटरनेटमध्येही हेच चालते. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात 'ट्राय'ने २००९ मध्ये ब्रॉडबँड सेवादात्यांना मार्गदर्शक सूचना देताना हे वाटप मान्यच केले होते. घरगुती ग्राहकांसाठी पन्नास जणांत एक आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी तीस जणांत एक अशी मर्यादा त्यात सांगितली होती. वाटून देण्यास हरकत नाही, पण किती जणांत वाटता ते प्रमाण असावे, असा तो विचार होता. वेब होस्टिंगला असे कोणतेही प्रमाण लागू नाही.

आणि एकदम आले तर?

वरच्या सगळ्या गणितात एक शब्द महत्त्वाचा आहे - 'स्वतंत्र'. प्रत्येकाची गरज दुसऱ्याच्या गरजेपासून वेगळ्या वेळी निर्माण होत असेल, तरच ते गणित खरे ठरते. ही अट मोडली की सारा हिशेब कोसळतो.

याचा अनुभव ग्रामीण भागात कोणालाही नवा नाही. शेतीपंपांसाठी वीज पाळीपाळीने येते. वीज आली की ऑटो स्विचमुळे शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि भार रोहित्रावर पडतो. दिवसभरात प्रत्येकाने आपापल्या सवडीने दोन तास पंप चालविला असता, तर त्याच रोहित्रावर निभावले असते. त्यातच बिबट्याच्या भीतीने रात्री शेतात जाणे नको झाल्याने, दिवसा वीज द्या ही जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. पण सगळ्यांना एकच वेळ हवी असते तेव्हा सरासरीच्या भरवशावर उभारलेली व्यवस्था अपुरी पडते, हेही त्यातून दिसते.

संकेतस्थळांच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण म्हणजे परीक्षांचे निकाल. दहावी-बारावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होतो आणि राज्यभरातले लाखो विद्यार्थी त्याच मिनिटाला एकाच पानावर येतात. म्हणूनच राज्य मंडळ निकालासाठी एकाहून अधिक संकेतस्थळांचे पत्ते देते आणि निकाल डिजिलॉकरवरही उपलब्ध होतो. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेने २०२५ मध्ये हाच धडा पुन्हा दिला. त्या वर्षी ही प्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली आणि जुन्नर, आंबेगावसारखे ग्रामीण तालुकेही तिच्यात आले. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. हा जास्तीच्या विक्रीचा प्रकार नव्हे. परंतु सगळे एकदम आले की काय होते, हे त्यातून लाखो घरांनी पाहिले.

आता पर्यटन व्यावसायिकाकडे वळू. त्याच्या संकेतस्थळावर वर्षातले तीनशे दिवस शुकशुकाट असतो. गर्दी होते ती पावसाळ्यातले शनिवार-रविवार, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, दिवाळीची सुटी आणि वर्षअखेर या दिवसांत. त्याच्या शेजाऱ्याची गर्दीही तेव्हाच असते. एखाद्या स्थानिक विक्रेत्याने एकच सर्व्हर घेऊन परिसरातल्या पन्नास केंद्रांना वाटून दिला असेल, तर त्यातली एकही गर्दी 'स्वतंत्र' नसते. उलट मोठ्या सेवादात्याच्या सर्व्हरवर चेन्नईतला दवाखाना, इंदूरची शिकवणी आणि नारायणगावचे कृषी पर्यटन केंद्र एकत्र असतात. त्यांच्या वेळा जुळण्याचा संभव कमी. ओळखीच्या माणसाकडून घेतलेली सेवा आपुलकीची असेल. पण गणित तिच्या बाजूने असतेच असे नाही.

कुकडीचा धडा

मर्यादित साठा आणि जास्त मागणी यांचा मेळ घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग जुन्नर-आंबेगावच्या उशाशीच चालू आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही जुन्नरमधील आणि डिंभे हे आंबेगावमधील, अशी पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. साठा सुमारे तीस टीएमसी. लाभक्षेत्र मात्र तीन जिल्ह्यांत पसरले आहे - पुण्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर. अहिल्यानगरमधील पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापूरमधील करमाळा. प्रकल्पात गृहीत धरलेले सिंचन क्षेत्र दीड लाख हेक्टरच्या घरात जाते.

या दोन आकड्यांचा भागाकार उद्बोधक आहे. पाचही धरणे काठोकाठ भरली आणि एक थेंबही वाया न जाता ते पाणी त्या सगळ्या क्षेत्रावर सारखे पसरले, तर सुमारे ५७ सेंटीमीटर उंचीचा थर होईल. बाष्पीभवन, कालव्याची गळती आणि पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वजा जाता त्याहून बरेच कमी. उसाला पावसासह वर्षभरात दोन मीटरच्या आसपास पाणी लागते. याचा अर्थ, लाभक्षेत्रातील प्रत्येक जण ऊस लावणार नाही, बहुतेक जण ज्वारी, हरभरा, गहू अशा कमी पाण्याच्या पिकांवर भागवतील, हे गृहीत धरूनच एवढ्या क्षेत्राचा हिशेब बसतो. होस्टिंगचा विक्रेता 'सरासरी ग्राहक एक जीबीच वापरेल' असे धरतो, त्याच जातीचे हे गृहीतक आहे.

गृहीतके कालांतराने बदलतात. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उसाला हमखास गिऱ्हाईक मिळाले आणि पाण्याची भूक वाढली. धरण तेवढेच राहिले. डिंभे धरणाचे पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याच्या प्रस्तावावरून आंबेगाव आणि नगरच्या लाभक्षेत्रात उभा राहिलेला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघात गाजलेला वाद हा याच ताणाचा आविष्कार होय. संकेतस्थळांचेही असेच झाले आहे. पूर्वी चार ओळी आणि एक चित्र असलेले पान आता चित्रफिती, नकाशे, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय घेऊन येते. दहा वर्षांपूर्वी जो सर्व्हर हजार ग्राहक सहज पेलत होता, तो आज तेवढेच ग्राहक पेलेल याची खात्री नाही. जास्तीच्या विक्रीचे प्रमाण एकदा ठरवून विसरून जाण्याची गोष्ट नाही.

तरीही कुकडीच्या व्यवस्थेत एक गोष्ट होस्टिंगच्या धंद्याने शिकावी अशी आहे. पाणी कमी आहे हे तिथे लपविले जात नाही. पावसाळा संपला की साठा जाहीर असतो. किती आवर्तने द्यायची हे कालवा सल्लागार समितीत ठरते. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो आणि शेजपाळीने पाणी घेतो. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही, वरच्या भागात जास्त उचल होते, या तक्रारी दरवर्षीच्या आहेत. पण भांडायला एक जागा आणि एक आकडा तरी असतो. ही परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यातील दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक पद्धत' आणली, ती मुखाकडच्या गावांनी सगळे पाणी उसाला घेऊ नये आणि ते अनेक गावांत विभागले जावे यासाठीच.

नकार देण्याचीही एक रीत असते

मागणी जास्त असणे आणि विक्री जास्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्नर तालुक्यातच याची दोन उदाहरणे सापडतात.

खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. जगभरातील शास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाची वेळ मागतात आणि मागितलेले तास उपलब्ध तासांहून पुष्कळ जास्त असतात. पण तेच तास दोघांना दिले जात नाहीत. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागविले जातात, समिती ते तपासते, काहींना वेळ मिळते आणि उरलेल्यांना स्पष्ट नकार मिळतो. ज्याला वेळ मिळाली, त्याला ती खरोखर मिळते.

दुसरे उदाहरण नारायणगावचे. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीचे कारभारी सुपारी द्यायला येतात. चैत्रातल्या ठराविक तिथींना सगळ्याच गावांच्या यात्रा असल्याने त्या तारखांचा भाव चढतो. तरी एका फडाने एका रात्रीची सुपारी दोन गावांकडून घेतली, तर काय प्रसंग ओढवेल हे सांगावयास नको. तिथे तारीख ही अविभाज्य वस्तू आहे. सरासरी काढून ती विकता येत नाही. गर्दीच्या दिवशी भाव वाढविणे किंवा 'जागा नाही' म्हणणे, हे दोनच प्रामाणिक मार्ग उरतात.

जुन्नर-नारायणगावच्या एसटीतही आसनांपेक्षा जास्त तिकिटे फाडली जातात. परंतु प्रवासी डोळ्यांनी गर्दी पाहून चढतो, उभे राहावे लागेल हे त्याला ठाऊक असते आणि नको असेल तर तो मागच्या गाडीची वाट पाहू शकतो. होस्टिंगच्या ग्राहकाला गाडीत किती जण आधीच उभे आहेत, हे दिसतच नाही. खरी अडचण इथे आहे.

जागा, मेमरी आणि प्रोसेसर

'क्षमता' हा एकच शब्द असला, तरी सर्व्हरमध्ये निरनिराळ्या वस्तू वाटल्या जातात आणि त्या सगळ्यांना एकच न्याय लावता येत नाही.

साठवणुकीची जागा हळूहळू भरते. ती किती भरली हे मोजता येते आणि वेळीच नवी डिस्क जोडता येते किंवा काही ग्राहक दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येतात. इथे जास्तीची विक्री त्यातल्या त्यात निर्धोक. डेटाच्या वहनाचेही बरेचसे तसेच.

प्रोसेसरचे तसे नाही. त्याची मागणी क्षणात उसळते आणि क्षणात ओसरते. ताण आला की प्रत्येकाचे काम रेंगाळते. पान उघडते, पण दहा सेकंदांनी. तोवर पर्यटक पुढच्या केंद्राकडे वळलेला असतो.

मेमरी, म्हणजे रॅम, सर्वांत ताठर. ती संपली की सर्व्हर डिस्कचा आधार घेतो आणि कमालीचा मंदावतो, किंवा चालू असलेली कामे मध्येच मारून टाकतो. आरक्षणाचा अर्ज भरून पैसे देण्याच्या क्षणी पान कोसळते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. 'इतकी रॅम फक्त तुमच्यासाठी' असे सांगून विकलेल्या सेवेत ती दुसऱ्यालाही विकलेली असणे, हा सरासरीचा हिशेब राहत नाही; तो शब्द मोडणे ठरतो.

शेजाराचा त्रास आणखी एका मार्गाने होतो. सामायिक सर्व्हरवरील एखाद्या ग्राहकाच्या खात्यातून नको असलेल्या ई-मेलचा मारा झाला, तर त्या सर्व्हरचा पत्ताच काळ्या यादीत जातो. मग निरपराध शेजाऱ्याने पाठविलेली आरक्षणाची पावतीही पर्यटकाच्या 'स्पॅम'मध्ये पडते. एका सर्व्हरवर जितकी खाती जास्त, तितका हा संभव जास्त.

यावर तांत्रिक उपाय आहेत. २०१० मध्ये आलेल्या क्लाउडलिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममुळे प्रत्येक खात्याला प्रोसेसर आणि मेमरीची वेगळी मर्यादा घालता येते. एकाने धुडगूस घातला तरी बाकीचे सुरक्षित राहतात. मर्यादा ओलांडणाऱ्याच्या पानावर '५०८' या क्रमांकाचा संदेश दिसतो. हे कुंपण चांगलेच. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या खात्याला प्रत्यक्षात एका प्रोसेसरचा काही हिस्सा आणि ठराविक मेमरी एवढीच मर्यादा असते, हे ग्राहकाला कळते ते गर्दीच्या दिवशीच.

'अमर्याद' या शब्दाची मर्यादा

जगात अमर्याद डिस्क अस्तित्वात नाही. त्यामुळे 'अमर्याद' या शब्दापाठोपाठ करारात बारीक अक्षरांत 'वाजवी वापराची' अट येते. फायलींची संख्या इतक्याहून जास्त नको, प्रोसेसर इतक्या सेकंदांहून जास्त वापरू नये, चित्रफितींचा साठा करू नये. अट ओलांडली की खाते थांबविण्याचा हक्क सेवादात्याकडे राहतो. ठळक अक्षरांत दिलेले बारीक अक्षरांत काढून घेतले जाते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे हा तिचा भाग आहे. या कायद्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे. जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली - जाहिरातीखालील खुलासा महत्त्वाची माहिती लपविण्यासाठी वापरता येणार नाही.

इथे लहान व्यावसायिकाला एक प्रश्न पडू शकतो. संकेतस्थळ तर धंद्यासाठी घेतले. मग आपण कायद्याने 'ग्राहक' ठरतो का? व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला कायदा सामान्यतः ग्राहक मानत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी सेवा घेणारा त्याला अपवाद आहे. घरच्या माणसांनी मिळून चालविलेले चार खोल्यांचे निवास केंद्र या अपवादाचा आधार मागू शकते. मोठ्या हॉटेल कंपनीला तो मिळणे कठीण.

भरपाईचा प्रश्न

क्षमतेपेक्षा जास्त विक्रीचा सर्वांत परिचित प्रकार विमान कंपन्यांचा. काही प्रवासी येणारच नाहीत असे धरून त्या आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. हा प्रकार नियामकाने बंद केलेला नाही. त्याची किंमत ठरवून दिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ च्या नियमांनुसार, कंपनीने प्रथम स्वेच्छेने मागे राहणारे प्रवासी शोधायचे. तरीही कोणाला नाइलाजाने उतरविले आणि तासाभरात पर्यायी विमान दिले नाही, तर चोवीस तासांच्या आतील विमानासाठी एका बाजूच्या मूळ भाड्याच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये, आणि त्याहून उशिराच्या विमानासाठी चौपट, कमाल वीस हजार रुपये भरपाई द्यावयाची. अंदाज चुकला तर त्याची झळ विकणाऱ्यालाही बसते, म्हणून तो अंदाज जपून बांधतो.

होस्टिंगमध्ये असे होत नाही. बहुतेक करारांत '९९.९ टक्के वेळ सेवा चालू' अशी हमी असते. तीस दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ त्रेचाळीस मिनिटे बंद चालेल असा होतो. पण सर्व्हर 'चालू' आहे आणि पान रेंगाळत उघडते, ही अवस्था या हमीत मोजलीच जात नाही. आणि जास्तीच्या विक्रीचा त्रास होतो तो नेमका याच अवस्थेत. हमी मोडली असे सिद्ध झाले, तरी भरपाई बहुधा त्या महिन्याच्या भाड्यातील सवलतीच्या रूपाने मिळते. दीडशे रुपये भाड्यातली सवलत आणि हातचे गेलेले शनिवारचे आरक्षण यांची तुलना होऊ शकत नाही.

मग रास्त काय?

सारांश असा की, क्षमतेपेक्षा जास्त विक्री सरसकट बंद करणे लहान ग्राहकाच्याच मुळावर येईल आणि तिला मोकळे रान देणेही त्याच्याच मुळावर येईल. ती रास्त ठरावयाची तर चार अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली, विक्रीचे प्रमाण मोजलेल्या वापरावर ठरावे आणि वापर वाढला की बदलावे. दुसरी, गर्दीच्या वेळी पुरेल एवढी राखीव ताकद ठेवावी आणि ती उरली नाही की नवे ग्राहक घेणे थांबवावे. तिसरी, प्रत्येक खात्याची खरी मर्यादा जाहिरातीच्याच अक्षरांत सांगावी. चौथी, अंदाज चुकला तर ग्राहकाला विनाखर्च दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे किंवा उरलेल्या मुदतीचे पैसे परत द्यावेत.

यातील तिसरी अट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. महिना चाळीस रुपयांत सामायिक जागा घेणाऱ्याला ती सामायिक आहे हे कळले, तर तो स्वतःहून निर्णय घेईल. आंब्याच्या पेटीच्या जाहिरातीचे एक पान ठेवणाऱ्याला ती पुरेल. ज्याची वर्षाची कमाई सात-आठ गर्दीच्या दिवसांवर उभी आहे, तो दोनशे रुपये मोजून स्वतंत्र ताकद घेईल. आज दोघेही 'अमर्याद' हा एकच शब्द वाचून पैसे भरतात.

चौकट : पैसे भरण्यापूर्वी

- प्रोसेसर, मेमरी, एकावेळी चालणारी कामे आणि फायलींची संख्या यांवरील मर्यादा लेखी मागावी. 'अमर्याद' हे उत्तर स्वीकारू नये.
- तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास मोठी सूट मिळते. पण पहिले काही महिने मासिक हप्त्याने सेवा तपासावी.
- आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री पान उघडण्यास किती सेकंद लागतात, याची नोंद ठेवावी. एकाच वेळेची चाचणी उपयोगाची नाही.
- शिवजयंती, पावसाळी सुट्या यांच्या पंधरा दिवस आधी तात्पुरती जास्त ताकद मिळेल का, आणि कोणत्या दराने, हे विचारून ठेवावे.
- छायाचित्रे लहान आकारात चढवावीत. अर्धा भार त्यानेच कमी होतो असा अनेकांचा अनुभव आहे.
- दूरध्वनी क्रमांक आणि दर असलेले एक साधे पान दुसरीकडेही ठेवावे. मुख्य संकेतस्थळ अडले तरी पर्यटक हातचा जाऊ नये.
- माहितीची प्रत स्वतःकडे ठेवावी. प्रत हाती असेल, तर सेवादाता बदलणे एका दिवसाचे काम असते.